गळका रेडिएटर : टाकावा की दुरुस्त करावा ?

वसई-विरार महानगरपालिकेच्या हद्दीतील बोळिंज येथे आता शेताच्या बांधावरून म्हाडाच्या उंच इमारती दिसतात. वाड्या आणि भातखाचरे आखडली आहेत. एवढ्याशा क्षेत्रासाठी नव्या ट्रॅक्टरचे कर्ज काढणे कोणत्याही हिशेबात बसत नाही. म्हणून ज्याच्या अंगणात वडिलांच्या वेळचा ट्रॅक्टर उभा आहे, त्याला तो चालता ठेवणे भाग असते. पाऊस धरावा, रोपे लावणीस यावीत आणि नेमक्या त्याच दिवशी रेडिएटरखाली पाण्याचा ओघळ दिसावा, हा अनुभव जुन्या यंत्राच्या मालकास नवा नाही. चिखलणी लांबली की रोपे निबर होतात. त्या घाईत कोणी हळदीची पूड रेडिएटरमध्ये टाकतो, तर कोणी दुकानदाराच्या शब्दावर नवा रेडिएटर विकत घेतो. हे दोन्ही मार्ग बहुधा चुकीचे ठरतात.

हळदीचा उपाय खोटा नव्हे. पूड पाण्याबरोबर फिरून छिद्राशी बसते आणि गळती काही काळ थांबते. शेतातून ट्रॅक्टर घरी आणण्यापुरता तो उपाय करण्यास हरकत नाही. परंतु जी पूड छिद्र बुजविते, तीच अरुंद नळ्याही बुजविते. गळती थांबली म्हणून ट्रॅक्टर तसाच चिखलणीस लावला, तर इंजिन तापते, हेड वाकते आणि शेकड्यांच्या कामाचे हजारोंचे काम होते.

नवा रेडिएटर बसविण्यापूर्वी जुना कशाचा बनला आहे हे पाहिले पाहिजे. 1963 साली स्थापन झालेल्या इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडियाचा ‘बी-275’ ट्रॅक्टर कांदिवलीस, म्हणजे विरारच्याच रेल्वेमार्गावर, तयार होत असे. त्या पिढीतील पाण्याने थंड होणाऱ्या बहुतेक ट्रॅक्टरांच्या रेडिएटरमध्ये पितळी नळ्या, तांब्याच्या पातळ पत्र्या आणि वर-खाली पितळी टाक्या असत. (1959 साली फरिदाबादेत निघालेल्या आयशर ट्रॅक्टरचे इंजिन हवेनेच थंड होई. त्याच्या मालकास ही चिंता कधी पडली नाही.) हे सर्व सांधे कथिल-शिशाच्या डागाने जोडलेले असतात. तो डाग सुमारे 200 अंश सेल्सियसला वितळतो, तर पितळ वितळण्यास 900 अंशांहून अधिक उष्णता लागते. त्यामुळे टाकी उकलावी, नळ्यांतून सळई फिरवून साका काढावा आणि पुन्हा डाग द्यावा, हे काम जाणत्या कारागिराच्या हातचे आहे. आजचे बरेच रेडिएटर ॲल्युमिनियमचे, प्लॅस्टिकची टाकी चेपून बसविलेले असतात. ते वजनाला हलके खरे, पण फुटले की साध्या डागाने सांधत नाहीत. जुना पितळी रेडिएटर भंगाराच्या भावाने देऊन असा रेडिएटर घेणारा शेतकरी दुरुस्त होणारी वस्तू देऊन न होणारी घेतो.

दोन-तीन नळ्या बाद झाल्या असतील तर त्या बंद करून काम भागते. पत्र्या बोट लावताच भुगा होऊन गळत असतील किंवा बऱ्याच नळ्या कुजल्या असतील, तर मात्र डागावर डाग देत बसणे हा पैशाचा नाश आहे. अशा वेळीही जुन्या टाक्या ठेवून मधला जाळीचा भाग, ज्याला कारागीर कोअर म्हणतात, तेवढाच नवा घालून मिळतो का, हे आधी विचारावे. नळांची तोंडे, बैठकीची भोके व पंख्यापासूनचे अंतर पूर्ववत राहते, हा त्यातील मोठा लाभ होय.

मात्र पाणी गळते म्हणजे रेडिएटरच गळतो, असे समजू नये. होजची पट्टी सैल असते, किंवा पाण्याच्या पंपाचे सील गेलेले असते आणि थेंब वाऱ्याने रेडिएटरवर उडतात. पितळेवर हिरवट-पांढरा ओघळ वाळलेला दिसला, तर छिद्र तेथेच शोधावे. थंड इंजिन सुरू करून झाकणाच्या तोंडाशी सतत बुडबुडे येत असतील, तर दोष हेडच्या गॅस्केटचा असण्याचा संभव अधिक. झाकणही पाहावे. जुन्या रेडिएटरवर जादा दाबाचे नवे झाकण बसविले की दुरुस्त केलेला सांधा पुन्हा उकलतो. तापलेल्या इंजिनाचे झाकण उघडू नये, आणि कोरड्या पडलेल्या तप्त इंजिनात थंड पाणी ओतू नये. ओतल्यास हेडला तडा जातो.

एवढे करूनही वर्षाच्या आत गळती परत येते, तेव्हा दोष कारागिराच्या माथी मारला जातो. खरा दोष पुष्कळदा बादलीतील पाण्याचा असतो. खाडी आणि समुद्र जवळ असलेल्या या पट्ट्यात विहिरीचे पाणी कोठे गोडे, तर कोठे मचूळ असते, आणि उपसा वाढला की उन्हाळ्यात गोडी विहीरही मचूळ होते. खाऱ्या पाण्याने पितळेतील जस्त झिजते व नळ्या ठिसूळ होतात. जड पाण्यातील चुना तापल्यावर नळ्यांच्या आत थर धरतो. त्या थरातून तांब्याच्या शतांशानेही उष्णता वाहत नाही. जे पाणी पानवेलीला घालताना शेतकरी दहा वेळा विचार करील, तेच तो रेडिएटरमध्ये डोळे मिटून ओततो! विस्तार-कार्यकर्त्यांनी माती-परीक्षणाइतकाच आग्रह या पाण्याबाबत धरला तर पुष्कळ रेडिएटर वाचतील.

वसईत वर्षाला 2000 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. पहिल्या सरी वाहून गेल्यावर स्वच्छ छपरावरून धरलेले पाणी दोन डबे भरून ठेवण्यास काही खर्च येत नाही. विहिरीच्या पाण्यापेक्षा ते केव्हाही बरे. ऊर्ध्वपातित पाणी मिळाल्यास उत्तम. त्यात यंत्राला मानवेल असे गंज-प्रतिबंधक कूलंट सांगितलेल्या प्रमाणात मिसळावे, कारण निव्वळ मऊ पाण्यानेही आतील लोखंड गंजते. जाळीत अडकलेले तूस आणि चिखल पंख्याच्या बाजूने बाहेर पाणी मारून काढावेत. समोरून मारल्यास कचरा आतच रुततो. काढलेले जुने कूलंट गटारात किंवा गोठ्याजवळ सांडू नये. ते चवीला गोड लागते, जनावरे चाटतात, आणि त्यातील ग्लायकॉल विषारी असते.