कमावलेल्या शरीराचा ताळेबंद

शरीर ‘कमावणे’ हा आपल्या भाषेतला जुना शब्दप्रयोग. कमाई म्हटली की घाम आला, काळ आला आणि हिशेबही आला. तालमीत वस्ताद जोर-बैठका मोजून घालायला लावी, खुराक ठरवून देई. अंग भरायला वर्षे लागत. आज अंबरनाथ पश्चिमेच्या बुवापाड्यात काय किंवा शेजारच्या उल्हासनगर-बदलापुरात काय, कारखान्याची पाळी किंवा लोकलचा प्रवास आटोपून जिममध्ये जाणाऱ्या तरुणाला तेवढी सवड नाही. या घाईच्या फटीतूनच ॲनाबॉलिक स्टिरॉइड घरात शिरते.

दम्यावर डॉक्टर देतात ते स्टिरॉइड वेगळे. हे टेस्टोस्टेरॉन या पुरुषी संप्रेरकाचे भाईबंद. ते डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच मिळायला हवे. मिळते मात्र बऱ्याचदा जिममधल्या ‘जाणकारा’कडून. या औषधाचे नाव महाराष्ट्राने मोठ्या अक्षरांत वाचले ते २०१६ साली. सलग तीनदा महाराष्ट्र केसरी झालेले नरसिंग यादव यांच्या चाचणीत मेथॅन्डिएनोन सापडले. आपल्या खाण्यापिण्यात कोणीतरी ते मिसळले, हे त्यांचे म्हणणे क्रीडा लवादाने मान्य केले नाही आणि रिओत कुस्तीला उतरण्याआधीच त्यांच्यावर चार वर्षांची बंदी आली. पण खेळाडूच्या मागे निदान चाचणी तरी असते. गल्लीतल्या हौशी पोराला कोण तपासणार?

तो आता स्वतःच स्वतःला तपासून घेऊ लागला आहे. पॅथॉलॉजी लॅबचा माणूस घरी येऊन रक्त नेतो, संध्याकाळी मोबाइलवर रिपोर्ट येतो. ‘सगळे नॉर्मल आहे, मग भ्यायचे कशाला?’ हे उत्तर आईवडिलांनाही पटते. इथेच थोडे थांबायला हवे.

रक्त पुष्कळ सांगते. तांबड्या पेशी वाढून रक्त दाट झाले का, हे हिमोग्राममध्ये कळते; हिमॅटोक्रिट ५४ टक्क्यांवर गेला तर उपचार म्हणून टेस्टोस्टेरॉन देणारे डॉक्टरही ते थांबवतात. चांगले कोलेस्टेरॉल घसरले, वाईट वाढले, हे लिपिड प्रोफाइलमध्ये दिसते. पण आकड्यांना वाचणारा लागतो, आणि वाचणाऱ्याला खरे सांगावे लागते. एसजीओटी आणि एसजीपीटी यकृतातून येतात, तसे स्नायूंतूनही येतात. आदल्या दिवशी जड वजने उचलली असली तरी ते वाढतात. मुलाने व्यायाम लपवला, गोळ्या लपवल्या, तर डॉक्टर बिचारे काविळीच्या मागे लागणार.

३१ मार्चच्या तोंडावर ठेवी फुगवायच्या आणि एप्रिलमध्ये त्या निघून जायच्या, हा प्रकार बँकेत नोकरी केलेल्या प्रत्येकाला ठाऊक असतो. औषध थांबवून काही आठवड्यांनी दिलेले रक्तही असेच त्या एका दिवसापुरते असते. शिवाय काही देणी ताळेबंदात उमटतच नाहीत. हृदयाची भिंत जाड होत चालली आहे, हे रक्त सांगत नाही. त्यासाठी रक्तदाब मोजावा लागतो, इकोकार्डिओग्राम काढावा लागतो. डेन्मार्कमध्ये जिममधल्या चाचणीत स्टिरॉइडसाठी दोषी ठरलेल्या १,१८९ पुरुषांचा सरासरी अकरा वर्षे मागोवा घेण्यात आला. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात त्यांच्या मृत्यूचे प्रमाण इतर पुरुषांच्या २.८ पट निघाले.

आणखी एक देणे घरातल्या दुसऱ्याच माणसाला फेडावे लागते. बाहेरून संप्रेरक मिळू लागले की शरीर स्वतःचे बनवणे थांबवते. एलएच, एफएसएच तळाला जातात, शुक्रजंतू घटतात. औषध सोडल्यावर गाडी रुळावर यायला कित्येक महिने लागतात, कधी वर्षही. त्या काळात मन खचते, इच्छा मावळते. लग्नाला दोन वर्षे होऊनही पाळणा हलत नाही, आणि आपल्याकडे तपासणीला आधी पाठवतात ती सुनेला! पिळदार दंडांच्या नवऱ्यात काही उणे असेल, अशी शंका तरी कोणाला येणार?

मग तपासणी निरर्थक का? मुळीच नाही. नेदरलँड्समध्ये २०११ पासून स्टिरॉइड घेणाऱ्यांसाठी रुग्णालयात खास बाह्यरुग्ण विभाग चालला. तिथे कोणी पाठ थोपटत नसे आणि हाकलूनही देत नसे. तपासत, धोका समजावत, सोडायला मदत करत. उल्हासनगरच्या मध्यवर्ती रुग्णालयात आठवड्यातला एक दिवस अशा मुलांसाठी ठेवला, तर खर्च फार येणार नाही. येणाऱ्याला पोलिसांची आणि वडिलांची भीती वाटू नये, एवढीच खरी अट.

त्यातली दुसरी भीती घालवणे मात्र सर्वस्वी आपल्या हाती आहे. मुलाच्या कपाटात इंजेक्शनची कुपी सापडली की आपण आधी हात उगारतो. मग तो कुपी लपवायची जागा तेवढी बदलतो. त्याऐवजी, ‘चल, डॉक्टरांकडे जाऊ, काय घेतोस ते त्यांना सगळे सांग,’ असे म्हणता आले पाहिजे. रिपोर्ट म्हणजे परवाना नव्हे, पण बाप-लेकाचे बोलणे सुरू व्हायला तो एक कागद पुरेसा आहे.