बायपासनंतर दूध बाधते तेव्हा

वजन घटविण्यासाठी जठराची बायपास शस्त्रक्रिया करून श्रावक घरी आला की पहिला आग्रह होतो तो दुधाचा. ‘दोन घोट घ्या, शक्ती येईल!’ आणि तासाभरात पोट फुगते, कळा येतात, जुलाब होतात. जन्मभर पचलेले दूध एकाएकी परके का व्हावे?

दुधातील साखर म्हणजे लॅक्टोज. ती पचविणारे लॅक्टेज लहान आतड्याच्या वरच्या भागात असते, आणि बायपासनंतर अन्न त्यातील काही भाग टाळूनच पुढे सरकते. प्रौढ वयात अनेकांचे लॅक्टेज मुळातच घटलेले असते. झाकलेली ती उणीव आता उघडी पडते. मात्र बासुंदीसारख्या गोडाने लगेच घाम, धडधड, चक्कर आल्यास दोष बहुधा घातलेल्या साखरेचा. म्हणून पारख बिनसाखरेच्या दुधावरच करावी.

जैन घरात प्रश्न अधिक बिकट आहे. अंडी-मांस वर्ज्यच; दूधही सुटले तर रोजची किमान 60 ग्रॅम प्रथिने आणायची कोठून? बी-12 जीवनसत्त्वाचा शाकाहारातील मुख्य आधार दूधच, आणि बायपासने त्याचे शोषणही मंदावते. तेव्हा घाबरून सारेच दुग्धपदार्थ सोडणे अविचाराचे ठरेल. पनीर करताना बहुतांश लॅक्टोज निवळीबरोबर निघून जाते. दह्यातील काही लॅक्टोज विरजणाने आधीच संपविलेले असते. ताजे दही दोन चमच्यांपासून देऊन पाहावे. द्विदळाचा नियम येथे जड जात नाही. इवल्या जठरात डाळ आणि दही एकदम मावतात कुठे? टोफू, मुगाचे मऊ धिरडे हेही आहेतच. प्रथिनांची भुकटी ‘व्हे आयसोलेट’ प्रकारची घ्यावी, ‘कॉन्सन्ट्रेट’मध्ये लॅक्टोज अधिक. लॅक्टेजच्या गोळ्याही मिळतात. परंतु कॅप्सूलचे वेष्टण प्राणिज जिलेटिनचे असू शकते, तेव्हा घटकसूची वाचल्याविना घेऊ नये.

खरी कसोटी वेळेची. जेवण आणि पाणी यांत अर्ध्या तासाचे अंतर हवे, आहार थोडाथोडा पाच-सहा वेळा; चौविहार पाळणाऱ्याला हे सारे सूर्यास्तापूर्वी बसवावे लागते. गल्ल्यावर गिऱ्हाइकी असताना चार वाजताचा डबा तसाच राहतो, आणि त्या दिवसाची प्रथिने बुडतात. डबा उघडण्याची आठवण मुलाने वा मुनीमजींनी करावी. आयंबिलात दूध-दही नसल्याने पोटाला बरे वाटते खरे, पण प्रथिने आणखी घटतात; पच्चक्खाण घेण्यापूर्वी शल्यचिकित्सकाला विचारावे आणि गुरुमहाराजांनाही शस्त्रक्रियेची माहिती द्यावी.