नोकरीवरून बेकायदा काढलेल्या सोलापूरच्या कामगारांना जाहीर आवाहन

कामगाराला नोकरीवरून कमी करण्याचे कायदेशीर मार्ग मोजकेच आहेत. गैरवर्तन चौकशीत सिद्ध झाल्यास बडतर्फी, काम घटल्यास कपात, मुदतीच्या नेमणुकीची मुदत संपणे, निवृत्ती आणि कामगाराने स्वतःहून दिलेला राजीनामा. यातील प्रत्येकाची पद्धत ठरलेली आहे. गेटवर अडवून "उद्यापासून येऊ नको" असे सांगणे, हजेरीपुस्तकातून नाव उडवणे, कोऱ्या कागदावर सही घेऊन त्याचा राजीनामा करणे ही कायद्यातली पद्धत नव्हे. अशा रीतीने काम गेलेल्या सोलापूर शहरातील व जिल्ह्यातील कामगारांनी गप्प न बसता ठरलेल्या मुदतीत दाद मागावी, यासाठी हे आवाहन आहे.

सोलापूरला हा प्रश्न नवा नाही. जुनी गिरणी म्हणून ओळखली जाणारी सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनीची गिरणी संचालकांनी ऑगस्ट १९४९ मध्ये बंद केली आणि तिथले कामगार एका फटक्यात बेकार झाले. जानेवारी १९५० मध्ये केंद्र सरकारने वटहुकूम काढून गिरणीचा कारभार हाती घेतला. पुढे झालेल्या कायद्यात या बेकारीचा स्पष्ट उल्लेख होता. एका भागधारकाने त्या कायद्याला दिलेले आव्हान सर्वोच्च न्यायालयाने ४ डिसेंबर १९५० रोजी फेटाळले. मात्र डिसेंबर १९५३ मध्ये दुसऱ्या दाव्यात तोच कायदा मालमत्तेच्या हक्काच्या मुद्द्यावर टिकला नाही. या साऱ्या लढाईत भागधारकांचे हक्क मोजले गेले. कपात झालेल्या कामगाराला भरपाई देण्याची तरतूद औद्योगिक विवाद कायद्यात आली ती १९५३ मध्ये. जुन्या गिरणीच्या कामगारांना १९४९ मध्ये जे नव्हते, ते आजच्या कामगाराकडे आहे. ते वापरले गेले पाहिजे.

हा हक्क फक्त पगारपत्रकावरच्या कायम कामगाराचा आहे, असा समज यंत्रमाग कारखान्यांत, विडी वळणाऱ्या महिलांत आणि गणवेश शिवणाऱ्या कारागिरांत खोलवर रुजलेला आहे. तो चुकीचा आहे. नगावर मजुरी मिळते म्हणून कोणी कामगार नाही असे होत नाही. नागपूरच्या विडी कारखान्यात नगावर काम करणारे मजूर कामगारच आहेत, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्ये ठरवले. ठेकेदाराकडून पाने-तंबाखू घेऊन विड्या वळणाऱ्यांच्या बाबतीत १९६४ मध्ये आणि नगावर शिवणकाम करणाऱ्या शिंप्यांच्या बाबतीत १९७३ मध्ये न्यायालयाने हीच दिशा कायम ठेवली. काम कोणासाठी होते, त्यावर देखरेख कोणाची, नापास माल कोण परत करतो, हे न्यायालय पाहते. हुद्द्याचेही तसेच आहे. "सुपरवायझर" असे नाव देऊन प्रत्यक्षात माग चालवून घेतला, तर तो माणूस कामगारच ठरतो. खरोखर व्यवस्थापकीय काम करणारे आणि दरमहा १८,००० रुपयांहून अधिक पगाराचे पर्यवेक्षक मात्र या संरक्षणाबाहेर आहेत.

देशात २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या. त्यांतील औद्योगिक संबंध संहिता, २०२० ने औद्योगिक विवाद कायदा, १९४७ ची जागा घेतली, तरी मूळ संरक्षण कायम आहे. बारा महिन्यांत २४० दिवस काम भरले की एक वर्षाची सलग सेवा धरली जाते. पगारी सुट्ट्या आणि २६ आठवड्यांपर्यंतची प्रसूती रजा या दिवसांत मोजली जाते. अशा कामगाराची कपात करायची तर एक महिन्याची लेखी, कारणासह नोटीस किंवा तेवढा पगार द्यावा लागतो आणि सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षाला १५ दिवसांच्या सरासरी पगाराइतकी भरपाई द्यावी लागते. एरवी त्या प्रकारच्या कामावर शेवटी आलेला कामगार आधी कमी व्हावा, हा नियम आहे. वर्षभरात पुन्हा भरती निघाल्यास कपात झालेल्यांना आधी बोलवावे लागते. ३०० किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यात कपातीपूर्वी सरकारची परवानगी लागते.

गैरवर्तनाचा आरोप असेल तर आरोप लेखी द्यावा लागतो, उत्तराची संधी द्यावी लागते आणि चौकशीत साक्षीदारांना प्रश्न विचारू द्यावे लागतात. ठरावीक दिवस गैरहजर राहिल्याने नोकरी आपोआप गेली, असे कारण वारंवार पुढे केले जाते. कामगाराचे म्हणणे न ऐकता असे नाव कमी करणे नैसर्गिक न्यायाच्या विरुद्ध आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्ये स्पष्ट केले आहे. प्रसूती रजेवर असलेल्या महिलेला त्या काळात कामावरून काढणे बेकायदा आहे.

महाराष्ट्राच्या कामगाराकडे आणखी एक साधन आहे: कामगार संघांना मान्यता देण्याबाबत आणि अनुचित कामगार प्रथा रोखण्याबाबत १९७१ चा राज्य कायदा. केंद्राच्या संहितेने रद्द केलेल्या कायद्यांत तो नाही. सूडबुद्धीने काढणे, खोट्या प्रकरणात गोवून काढणे, उघड खोटे कारण दाखवणे, क्षुल्लक चुकीसाठी अतिरेकी शिक्षा देणे या अनुचित प्रथा ठरतात. कायमपणाचे लाभ मिळू नयेत म्हणून कामगाराला वर्षानुवर्षे बदली किंवा तात्पुरता ठेवणे हीदेखील अनुचित प्रथाच आहे. या कायद्याखाली बडतर्फीविरुद्ध कामगार न्यायालयात थेट तक्रार करता येते आणि अंतरिम आदेशही मागता येतो. तक्रारीची मुदत ९० दिवसांची आहे. उशिराला सबळ कारण असेल तर न्यायालय ती नंतरही घेऊ शकते, पण त्या भरवशावर कोणी राहू नये.

दुसरा मार्ग समेटाचा. त्यासाठी सहायक कामगार आयुक्तांच्या सोलापूर कार्यालयात लेखी अर्ज द्यावा. एकट्या कामगाराच्या बडतर्फीचा वादही औद्योगिक विवादच मानला जातो, त्यामुळे युनियनचे सभासदत्व नसले तरी अर्ज करता येतो. संहितेनुसार वाद उद्भवल्यापासून दोन वर्षांनंतर समेट अधिकारी कार्यवाही करू शकत नाही. समेट अधिकारी निकाल देत नाही, दोन्ही बाजूंना बोलावून तडजोडीचा प्रयत्न करतो. तडजोड न झाल्यास त्याचा अहवाल मिळाल्यापासून ९० दिवसांत न्यायाधिकरणाकडे जाता येते. खाजगी शाळांतील शिक्षक व कर्मचाऱ्यांचा रस्ता निराळा आहे: १९७७ च्या कायद्याखाली शाळा न्यायाधिकरणाकडे अपील, आणि मुदत फक्त ३० दिवसांची.

या सर्व मार्गांत पुरावा निर्णायक ठरतो. २४० दिवस भरल्याचे दाखवण्याची जबाबदारी आधी कामगारावर येते. म्हणून ओळखपत्र, विडी कार्ड, मजुरीच्या चिठ्ठ्या, बँकेत जमा झालेल्या पगाराच्या नोंदी, फंडाचा उतारा, ईएसआयचे कार्ड, मुकादमाचे मोबाइलवरील निरोप हे सारे जपून ठेवावे. काम बंद केल्याची तारीख, वेळ आणि सांगणाऱ्याचे नाव त्याच दिवशी लिहून ठेवावे. "मी कामावर हजर होण्यास तयार आहे, मला काम द्यावे" असे पत्र मालकाला स्पीड पोस्टने पाठवून पोचपावती जपावी. जबरदस्तीने राजीनामा घेतला असेल तर ते याच पत्रात लगेच नमूद करावे. महिने उलटल्यावर केलेला तोच आरोप सिद्ध करणे फार कठीण जाते. हिशेबाची रक्कम घेताना "संपूर्ण व अंतिम" अशा मजकुराखाली न वाचता सही करू नये.

काढल्याचा वाद चालू असला तरी कमावलेला पैसा अडवता येत नाही. थकलेली मजुरी दोन कामकाजाच्या दिवसांत मिळाली पाहिजे. दहा किंवा अधिक कामगारांच्या ठिकाणी पाच वर्षे सेवा झाली असेल तर ग्रॅच्युइटी मिळते. हिशेबाचे मासिक वेतन १२,००० रुपये आणि सेवा आठ वर्षे असेल, तर १५ भागिले २६ या सूत्राने ती सुमारे ५५,३८५ रुपये होते. नगावर काम करणाऱ्यांसाठी शेवटच्या तीन महिन्यांच्या मजुरीची सरासरी धरतात.

बडतर्फी बेकायदा ठरल्यास न्यायालय पुन्हा कामावर घेण्याचा, मागील पगाराचा किंवा एकरकमी भरपाईचा आदेश देऊ शकते. महाराष्ट्रातील एका शिक्षिकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१३ मध्ये सांगितले की, चुकीने काढलेल्या व्यक्तीला नोकरीत परत घेताना मागील पगार देणे हा सर्वसाधारण नियम आहे. मधल्या काळात दुसरीकडे तेवढी कमाई नव्हती, हे मात्र अर्जदाराने सांगावे लागते. रोजंदारीवरच्या अल्पकालीन कामगाराला अनेकदा नोकरीऐवजी भरपाईच मिळते, हेही आधी समजून घ्यावे.

वकिलाची फी परवडत नाही म्हणून कोणी मागे राहू नये. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ नुसार महिला, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, दिव्यांग आणि औद्योगिक कामगार मोफत वकिलास पात्र आहेत. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा किंवा १५१०० या क्रमांकावर फोन करावा.

मालकांनी तोंडी आदेशाची सवय सोडावी. नोटीस, चौकशी आणि भरपाई यांचा खर्च लांबलेल्या खटल्यानंतरच्या मागील पगाराहून बहुधा कमी असतो. कामगार संघटनांनी सभासद नसलेल्यांचेही अर्ज लिहून द्यावेत. सोलापूरच्या कष्टकरी वस्त्यांत तेलुगू, कन्नड आणि उर्दू बोलणारी कुटुंबे मोठ्या संख्येने आहेत. मराठी-इंग्रजीतील नोटीस त्यांना त्यांच्या भाषेत समजावून देणे, पत्र लिहून देणे आणि कार्यालयापर्यंत सोबत जाणे एवढे काम वस्तीतील शिकलेल्या तरुणांनी अंगावर घ्यावे. पहिल्या आठवड्यात मिळालेली ही मदत ९० दिवसांची मुदत वाचवू शकते, आणि त्या मुदतीवर एका घराची चूल अवलंबून असते.