द्वेषाचा ग्रुप खुशाल सोडा

जून 2018. वैजापूर तालुक्यातल्या चांडगाव शिवारात चोर समजून जमावाने केलेल्या मारहाणीत दोघांचा जीव गेला. दरोडेखोर फिरत असल्याचे मेसेज त्या दिवसांत मोबाइलवर धुमाकूळ घालत होते. 1 जुलैला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात पोरे पळवणारी टोळी समजून पाच निरपराध भिक्षेकऱ्यांना ठेचून मारण्यात आले. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी मेसेज पुढे पाठवण्याची मर्यादा घातली.

मर्यादा आली, पण गेलेला विश्वास परतला नाही.

छत्रपती संभाजीनगरात अनेकांना आता व्हॉट्सॲपचे ग्रुप नकोसे झाले आहेत. तरी पाय निघत नाही. मुलांचा गृहपाठ तिथेच येतो, नळाला पाणी कधी येणार हेही तिथेच कळते. शिवाय, 'अमुक यांनी ग्रुप सोडला' ही ओळ पूर्वी सगळ्यांना दिसायची आणि नातेवाइकांत रुसवेफुगवे व्हायचे. 2022 पासून मात्र सोडणाऱ्याची सूचना फक्त ॲडमिनला जाते.

त्याच वर्षी सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने मोबाइलपासून लांब राहण्याचे आणखी पुढचे पाऊल टाकले. संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजतो आणि दीड तास घरोघरी टीव्ही, मोबाइल बंद होतात. मुले अभ्यासाला बसतात. हा निर्णय अख्ख्या गावाचा आहे, म्हणूनच तो टिकाऊ आहे.

वाचकहो, पाण्याच्या वेळेचा ग्रुप जरूर ठेवा. शेजाऱ्याविषयी विष पेरणारा ग्रुप मात्र आजच सोडा, मग तो सख्ख्या भावाने काढलेला का असेना.