रबराची एक कडी

नागपूरकराला गळतीचे शिक्षण शाळेत जाण्याआधीच मिळते. मार्च संपत आला की कूलर खिडकीला लागतो, वाळ्याच्या ताट्या भिजतात, आणि टाकीच्या बुडाशी असलेले बूच एकदा उघडून गढूळ पाणी काढले की पुढे दोन दिवस ते ठिबकत राहते. खाली एक पातेले ठेवायचे आणि घरातल्या मंडळींनी ते आळीपाळीने रिकामे करायचे, हा आमच्याकडचा शिष्टसंमत उपाय! मोटारीखाली मात्र पातेले ठेवून भागत नाही.

गेल्या दिवाळीच्या सुटीत मी आमच्या जुन्या मोटारीचा रेडिएटर रिकामा करून त्यात नवे कूलंट भरले. निमित्त होते रामटेकचे. त्रिपुरी पौर्णिमेला गडावर जाण्याचा आईचा जुना नेम; आधीच्या वर्षी गुडघ्यांमुळे तो चुकला होता. आता तिचे वय 79. "यंदा नाही तर मग केव्हा रे?" एवढेच ती म्हणाली. मेघदूतातला रामगिरी म्हणजे आमचे रामटेकच, हे वा. वि. मिराशी यांनी साधार मांडले आहे. निरोप पाठवायला यक्षाने मोटार न निवडता ढग निवडला, यात मला त्याचे व्यवहारज्ञान दिसते.

दुसऱ्या दिवशी सकाळी फरशीवर हिरवे थारोळे! आणि त्याच्याकडे शेपटी हलवीत निघालेली आमच्या गल्लीतली पिवळी. आई तिला रोज पोळी घालते. कूलंटमध्ये बहुधा इथिलिन ग्लायकॉल असते. चवीला ते गोड, आणि पोटात थोडे गेले तरी कुत्र्या-मांजरांची मूत्रपिंडे निकामी करणारे. तेव्हा आधी पिवळीला हाकलले, थारोळ्यावर वाळू टाकली, ती भरून घेतली आणि मग फरशी धुतली. काढलेले जुने कूलंट झाकणाच्या डब्यात होते, म्हणून बरे. लहान मुलांच्या घरात तर ही काळजी दुप्पट हवी.

शेजारचे काका पान्हा घेऊनच आले. त्यांचा पहिला सल्ला हळदीचा. रेडिएटरमध्ये मूठभर हळद टाकली की ती बारीक भोकात जाऊन बसते आणि गळती थांबते; ट्रकवाल्यांत हा उपाय जुना आहे. वाटेत अडकलेल्याला तो गावापर्यंत पोचवीलही. पण हळदीला भोक कोणते आणि नळी कोणती हे कळत नाही. रेडिएटरच्या ज्या बारीक नळ्यांतून पाणी गार व्हायचे, त्याही ती बुजवते. "हळद वरणातच बरी," म्हणून सौभाग्यवतींनी डबा आत नेला. काका मग खालचे बूच आवळायला वाकले.

तेवढ्यात मी बोलावलेला मिस्त्री आला. "काहून कसून राहिले काका? प्लास्टिक आहे ते, फाटून जाईन!" त्याने गार इंजिनाखाली कोरडा पुठ्ठा सरकवला आणि विडीभर वेळ स्वस्थ बसला. थेंब पडला तो नेमका बुचाखाली. होज पाइप कोरडे, त्यांच्या पट्ट्या कोरड्या.

कारण अगदी साधे. बुचावर रबराची एक कडी असते. वर्षानुवर्षे दाबून राहिल्याने ती चपटी होते, कडक होते, आणि आपल्या जागेचा ठसा घेऊन बसते. बूच हलले नाही तोवर सारे ठीक. एकदा फिरले की जुना ठसा जुन्या जागी येत नाही, आणि त्या केसभर फटीतून थेंब निघतो. आवळल्याने रबर तरुण होत नाही; आटे मात्र जातात. मिस्त्रीने जागा फडक्याने पुसली, नवी कडी घातली आणि बूच हातानेच बसवले.

भरणेही घाईचे काम नव्हे. निम्मे कूलंट, निम्मे डिस्टिल्ड वॉटर. बोअरचे पाणी कूलरच्या ताट्यांवर कसा पांढरा थर चढवते, ते आपण पाहतोच. तोच थर रेडिएटरच्या आत कोणाला दिसणार? गार इंजिनाचे झाकण उघडून, हीटर लावून, ते चालू ठेवायचे. 80-90 अंशांच्या सुमारास थर्मोस्टॅट उघडतो, अडकलेली हवा बुडबुड्यांनी निघते आणि पातळी एकदम खाली जाते. पुष्कळ लोक याच वेळी "गळाले, गळाले" म्हणून घाबरतात. ती गळती नव्हे. हवेची जागा पाण्याने घेतली, इतकेच. इंजिन तापलेले असताना बंद झाकण मात्र कधीही उघडू नये. आत दाब असतो, आणि त्या दाबामुळेच पाणी 100 ऐवजी 120 अंशांच्या आसपास उकळते. दाब सुटला की ते तोंडावरच येते. ज्या शहराने 23 मे 2013 रोजी 47.9 अंश पाहिले, तिथे या दाबाची किंमत कळायला हवी.

आणखी एक गोष्ट मिस्त्रीने सांगितली. गार असताना न गळणारी फट दाबाखाली गळते, आणि तापलेल्या पत्र्यावर थेंब वाळून जातो. खाली काही दिसतच नाही. म्हणून आम्ही कोराडीपर्यंत जाऊन आलो आणि रात्रभर पुठ्ठा मोटारीखाली ठेवला. सकाळी तो कोरडा! बाजूच्या बाटलीत पातळी बोटभर उतरली होती, ती गार इंजिनातच भरून घेतली.

पौर्णिमेला 50 किलोमीटर गेलो, गडाची चढण चढलो. माझे डोळे रस्त्याइतकेच तापमानाच्या काट्याकडे. तो मधल्या रेघेवरून हलला नाही. आई खिडकीतून खालच्या तळ्याकडे बघत होती. वर पोचल्यावर वातींची पुडी सोडता सोडता तिने विचारले, "निघताना पिवळीला पोळी घातली होतीस ना रे?"