दहा वेळा लिहून शब्द येत नाही

सहावी-सातवीतल्या मुलाची वही उघडून पाहा. डावीकडे शब्द, उजवीकडे अर्थ, मध्ये उभी रेघ. चाचणी जवळ आली की तेच शब्द दहा-दहा वेळा लिहायचे. पंधरा दिवसांनी विचारलं तर निम्मे गायब, आणि घरात एकच तक्रार, ‘याचं लक्षच नसतं.’ माझ्या मते दोष लक्षाचा नाही, पद्धतीचा आहे. दहा वेळा लिहिताना अर्थ डोळ्यांसमोरच असतो. दुसऱ्या ओळीपासून हात चालतो, डोकं थांबतं.

जेफ्री कार्पिक आणि हेन्री रोडिगर या मानसशास्त्रज्ञांनी २००८ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात एक प्रयोग प्रसिद्ध केला. कॉलेजच्या विद्यार्थ्यांना स्वाहिली भाषेतले ४० शब्द इंग्रजी अर्थांसह शिकवले. एकदा जमलेला शब्द काहींनी नुसता पुन्हा पुन्हा वाचला, तर काहींनी अर्थ न बघता पुन्हा पुन्हा आठवला. आठवड्यानंतर आठवण्याचा सराव केलेल्यांना सुमारे ८० टक्के शब्द आले, नुसतं वाचणाऱ्यांना जेमतेम ३६ टक्के. गंमत म्हणजे आपल्याला साधारण निम्मे शब्द येतील, असा अंदाज दोन्ही गटांनी वर्तवला होता. पुढे अमेरिकेत सहावीच्या वर्गात, सामाजिक शास्त्रांच्या धड्यांवर छोट्या चाचण्या घेतल्या, तेव्हाही कल हाच दिसला.

आठवणं जमलं तरी अर्थ कळला, असं मात्र नाही. विज्ञानात खरी अडचण अवघड शब्दांची नसून ओळखीच्या शब्दांची असते. भाजीवाला दोन किलो बटाटे तोलतो, त्याला आपण वजन म्हणतो. पुस्तकात ते वस्तुमान. वजन म्हणजे पृथ्वी त्या बटाट्यांना ज्या बलाने खेचते ते, आणि ते न्यूटनमध्ये मोजायचं. चंद्रावर बटाटे तेवढेच राहतात, वजन साधारण एक षष्ठांश होतं. डोक्यावर बॅगा घेऊन फलाटावर नुसता उभा असलेला हमाल घामाघूम होतो, पण पुस्तकाच्या हिशेबात त्या बॅगांवर त्याने केलेलं ‘कार्य’ शून्य. हे शब्द मुलाला येतातच, असं धरून कोणी समजावतच नाही.

उलट ‘बाष्पीभवन’ दिसायला भीतीदायक, पण फोडला की सोपा: बाष्प म्हणजे वाफ, आणि इथलं भवन म्हणजे इमारत नव्हे, होणं. मग ‘घनीभवन’ निम्मं आपोआप उलगडतं. सेमी-इंग्रजीच्या मुलांना ‘इव्हॅपोरेशन’ शिकवताना हा मराठी शब्दही शेजारी ठेवायला काय हरकत आहे?

घरी करण्यासारखं थोडंच आहे. अर्थाची बाजू हाताने झाकायची आणि शब्द बघून मुलाने आपल्या भाषेत सांगायचं, शक्यतो घरातलंच उदाहरण देऊन. चुकलं तर लगेच बरोबर अर्थ बघायचा. तेच शब्द उद्या, मग चार दिवसांनी, मग पंधरवड्याने. रोज पाच मिनिटं पुरतात. शाळेतही अशी तोंडी उजळणी घेता येईल, फक्त तिला गुण नकोत.