फटफटीचें तेल केव्हां बदलावें?

मोटारसायकल ही आतां चैनीची वस्तु राहिलेली नाहीं. दूधवाला, शिक्षक, शेतकरी, फिरता विक्रेता, ह्या सर्वांचा दिवस तिच्यावर चालतो. आणि तिचें इंजिन बिघडलें म्हणजे पुष्कळ घरांत त्या महिन्याचा हिशेबच बिघडतो. असें असतां तिचें तेल केव्हां बदलावें ह्या प्रश्नाचें उत्तर प्रत्येक गॅरेजांत निराळें मिळतें. कोणी दोन हजार किलोमीटर म्हणतो, कोणी तीन हजार, आणि गाडीबरोबर मिळालेलें पुस्तक कधीं पांच-सहा हजारही सांगतें. आमचें मत असें कीं, आरंभ पुस्तकापासून करावा, परंतु विचार तेथेंच थांबवूं नये.

प्रथम तेलाचें काम पाहूं. मोटारगाडींत इंजिनाचें तेल निराळें व गिअरपेटीचें निराळें असतें. बहुतेक मोटारसायकलींत मात्र एकच तेल इंजिन, क्लच आणि गिअर ह्या तिघांचीही चाकरी करतें. आणि लहान गाडींत तें असतें अवघें एक लिटरच्या आसपास. गिअरच्या दात्यांत चिरडून त्याचा दाटपणा कमी होतो, क्लचची झीज त्यांत मिसळते, इंधनाची काजळी त्यांत उतरते. ह्याच कारणास्तव घरच्या चारचाकीचें उरलेलें तेल दुचाकींत ओतण्याची काटकसर आम्हांस पसंत नाहीं. त्यांतील घर्षण कमी करणाऱ्या द्रव्यांनीं क्लच घसरूं लागण्याचा संभव असतो. गिअरच्या गाडीसाठीं डब्यावर ‘जासो एमए’ हीं अक्षरें पाहून घ्यावीं. हें जपानी मानक १९९८ सालीं ह्याच गरजेंतून निघालें.

तेल काळें झालें म्हणजे संपलें, हा समज सार्वत्रिक आहे. परंतु काजळी स्वतःत धरून ठेवून इंजिन स्वच्छ राखणें हें चांगल्या तेलाचें कर्तव्यच होय. बोटावर थेंब घेऊन निकाल देणाऱ्या मेस्त्रीच्या अनुभवाचा आम्ही आदर करतों, तरी नुसत्या रंगावरून तेलाचें आयुष्य ठरत नाहीं. वडील मंडळींचा लवकर बदलण्याचा आग्रहही समजण्याजोगा आहे. त्यांच्या तरुणपणचीं तेलें व गाळण्या आजच्या इतक्या चांगल्या नव्हत्या. (जावा-येझदी चालविलेल्यांची गोष्ट वेगळी. त्या दोन-स्ट्रोक गाड्यांत तेल पेट्रोलांतच मिसळून जळत असे. बदलावयाचें तें केवळ गिअरपेटीचें.)

आतां दोन स्वार घेऊं. एक जण रोज चाळीस किलोमीटर हमरस्त्यानें जातो. महिन्याचे पंचवीस दिवस धरले तर वर्षाला बारा हजार किलोमीटर होतात. त्याचें इंजिन नीट तापतें, एका वेगानें चालतें. त्यानें पुस्तकांतील आंकडा पाळावा आणि निश्चिंत असावें. दुसरा घरापासून बाजारापर्यंत दोन किलोमीटर जातो व परत येतो. वर्षाला त्याचे जेमतेम बाराशें किलोमीटर होतात, आणि तो समजतो कीं आपलें तेल नवेंच आहे. वास्तविक त्याचेंच तेल अधिक कष्टी असतें! इंजिन पुरतें तापण्यापूर्वींच बंद होतें; आंत जमलेलें पाणी व न जळलेलें पेट्रोल उडून जात नाहीं, तेलांतच राहतें. अशा माणसानें किलोमीटर मोजूं नयेत, कॅलेंडर पाहावें. पुस्तकांत ‘इतके किलोमीटर किंवा इतके महिने, जें आधीं येईल तें’ असें लिहिलेलें असतें. त्यांतील दुसरा भाग बहुतेक लोक वाचीतच नाहींत. धुळीचे रस्ते, घाटाची चढण, पाठीमागें दुधाच्या किटल्या, हें ज्याच्या नशिबीं आहे त्यानें ठरलेल्या मुदतीच्या आंतच बदलावें. नव्या गाडीची पहिली सर्व्हिसिंग तर कोणत्याही सबबीवर लांबवूं नये, कारण नव्या भागांची घासलेली धातु पहिल्या तेलांत उतरलेली असते.

पण ह्या सगळ्या वादापेक्षां आम्हांस एक गोष्ट अधिक महत्त्वाची वाटते, ती तेलाची पातळी. जुनें इंजिन थोडें थोडें तेल खातें. लिटरभर तेलांतील तीनशें मिलिलिटर गेलें तर जवळजवळ तिसरा हिस्सा गेला, आणि हें घडतें तें बदलण्याची तारीख येण्यापूर्वींच. तेव्हां पंधरवड्यांतून एकदां गाडी सपाट जागीं सरळ उभी करून, पुस्तकांत सांगितल्या रीतीनें काडी पुसून पाहावी किंवा कांचेंतून पातळी पाहावी. आमच्या विद्यार्थ्यांपैकीं बहुतेकांस अद्याप परवाना नाहीं. परंतु वडिलांच्या गाडीची काडी पाहण्यास परवाना लागत नाहीं. सोबत एका वहींत तारीख व किलोमीटरचा आंकडा टिपून ठेवला म्हणजे गॅरेजांत घासाघीस करण्याची वेळ येणार नाहीं.

राहतां राहिलें काढलेलें जुनें तेल. तें गटारांत किंवा परसांतील मातींत ओतण्याची चाल पुष्कळ ठिकाणीं आहे. भारतांत २०१६ च्या नियमांनीं असें तेल घातक कचऱ्यांत गणलें आहे. हातांसही तें वारंवार लागूं देऊं नये. घरीं तेल बदललें असेल तर झांकणाच्या डब्यांत भरून गॅरेजवाल्याच्या पिंपांत नेऊन ओतावें.